साखळीवर पाय ठेवणारी माणसं
(शिबिरात केलेलं भाषण)



मला कॅनडा देशातल्या आदिवासींवर बोलायला सांगितलंय. मी बारावीपर्यंत शिकलो. भूगोलात प्रेअरी म्हणजे गव्हाचं कोठार, एवढंच होतं. तिथं आधी कोण राहत होतं ते नव्हतं. म्हणून वाचून टिपणं काढली, ती सांगतो.

प्रेअरी म्हणजे गवताचं सपाट रान. तिथं क्री, ओजिबवे, असिनिबॉइन, ब्लॅकफूट हे लोक. त्यांचं पोट बायसनवर, म्हणजे आपल्या गव्यासारखं जनावर. बाया त्याचं मांस वाळवून कुटायच्या, चरबी ओतून चामड्याच्या पोत्यात भरायच्या. त्याला पेमिकन म्हणतात, ते महिनोन्महिने टिकतं. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या गोऱ्या कंपन्यांचे नावाडी त्याच्यावरच जगायचे. म्हणजे कंपनीला पोसलं आदिवासी बाईने.

१६७० साली इंग्लंडच्या राजाने हडसन बे कंपनीला एक सनद दिली. त्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख तिचा! राजाने तो डोळ्यांनी बघितलाही नव्हता. आपल्याकडची ईस्ट इंडिया कंपनीही अशीच सनद घेऊन आली होती.

पुढे व्यापारी आणि आदिवासी बाया यांच्या मुलाबाळांचा वेगळा समाज झाला, मेती. रेड रिव्हर नदीकाठी त्यांची वस्ती. आज तिथं विनिपेग शहर आहे. ते नावही क्री भाषेतलं, गढूळ पाणी. मेतींची शेतं लांबट पट्ट्यांची. नदी सगळ्यांना मिळाली पाहिजे, म्हणून काठाला अरुंद आणि मागं दोन मैलांपर्यंत लांब. त्याच्या मागं चारा कापायचं रान. कित्येकांकडे कागद नव्हता, पण कोणाचं कुठपर्यंत हे वस्तीला ठाऊक होतं.

१८६९ मध्ये कंपनीने हा सगळा मुलूख ३ लाख पौंडांना कॅनडा सरकारला द्यायचा ठरवला. राहणाऱ्यांना विचारलं नाही. व्यवहार पुरा व्हायच्या आधीच मोजणीवाले आले. त्यांना जमिनीचे चौकोन पाडायचे होते, मैल बाय मैल. ११ ऑक्टोबरला ते एका मेतीच्या चाऱ्याच्या रानात शिरले. लुई रिएल नावाचा २४ वर्षांचा पोरगा, जवळजवळ माझ्याच वयाचा, गडी घेऊन आला. हातात हत्यार नाही. त्यांनी मोजणीच्या साखळीवर पाय ठेवला. मोजणी थांबली.

आमच्या पाड्यात मोजणी आली तेव्हा माझा बा साखळी धरायला होता, मजुरीवर. आमच्याच शेतात. तो नकाशा आम्हाला अजून दाखवलेला नाही.

रिएलच्या लोकांनी आपलं सरकार बनवलं, बोलणी केली. १८७० च्या कायद्यात मेतींच्या मुलांसाठी १४ लाख एकर लिहून घेतले. मग सरकारने फौज पाठवली, रिएलला पळावं लागलं. आणि जमीन? वर्षानुवर्षं वाटपच नाही. कागद हातात आले तोवर दलाल उभेच. पुष्कळ मेती पश्चिमेला निघून गेले.

बाकीच्या जमातींशी १८७१ ते १८७७ मध्ये सात करार झाले. पहिल्यात पाच माणसांच्या कुटुंबाला १६० एकर. बाहेरून आलेल्या एका माणसाला १० डॉलर भरून तेवढेच एकर! करार इंग्रजीत, त्यात लिहिलं की जमीन सोडली. क्री म्हातारी माणसं अजून सांगतात, आम्ही फक्त नांगराच्या खोलीइतकी दिली होती.

मग बायसन संपले. उपासमार झाली. १८८५ ला सास्काचेवान नदीकाठी बातोशला मेती पुन्हा लढले. गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीत खिळे आणि दगड भरले. १६ नोव्हेंबरला रिएलला फाशी दिली, ११ दिवसांनी आणखी आठ आदिवासींना. त्यानंतर राखीव क्षेत्राबाहेर पडायला अधिकाऱ्याची चिठ्ठी लागायची. कायद्यात तसं कुठंच नव्हतं. तरी चालवलं.

बरेच मेती शेवटी कुठं राहिले? चौकोन पाडताना रस्त्यासाठी मोकळ्या सोडलेल्या पट्टीवर. तिकडे पश्चिमेला ही पट्टी ६६ फूट रुंद, म्हणजे मोजणीची एक साखळी. तिथं झोपड्या बांधल्या. जमीन नाही म्हणून कर नाही, आणि कर नाही म्हणून त्यांच्या पोरांना शाळेत घेत नव्हते.

जेवण झाल्यावर ज्यांच्याकडे दंडाच्या पावत्या असतील त्यांनी त्या घेऊन बसा. फाटलेल्या असल्या तरी आणा. साल वाचून नाव वहीत घालायचंय.