सुट्टीतील अठ्ठेचाळीस मिनिटे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जळगाव-धुळे परिसरातील विद्यार्थ्यांसाठी झालेल्या उन्हाळी संस्कार शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो, दप्तर माळ्यावर चढते आणि घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो. आता चाळीस दिवस या मुलांचे करायचे काय? खानदेशचा वैशाख म्हणजे अग्निपरीक्षाच. सकाळी अकरानंतर जळगाव-धुळ्याचे रस्ते ओस पडतात. दारे-खिडक्या बंद, कूलर सुरू आणि मुलाच्या हाती मोबाईल, असे चित्र बहुतेक घरांत दिसते.

या प्रश्नाची दोन उत्तरे समाजात रूढ झाली आहेत. पहिले असे की, वर्षभर अभ्यास केला, आता मुलांना मोकळे सोडावे. दुसरे असे की, पुढचे वर्ष महत्त्वाचे, म्हणून सुट्टीतच पुढच्या इयत्तेचा क्लास लावावा. पहिल्यात दिवस वाया जातो. दुसऱ्यात सुट्टीच उरत नाही. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून जाते. वर्षभर मुलाचा वेळ शाळा ठरवते. आपला वेळ आपण वापरायला शिकण्याची संधी त्याला सुट्टीतच मिळते.

उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीरांनी गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद न करण्याचा उपदेश पुनःपुन्हा केला आहे. गौतमस्वामी काही आळशी नव्हते. ते तर प्रभूंचे प्रथम गणधर. तरीही हा उपदेश त्यांनाच केला गेला. म्हणजे प्रमाद हा केवळ आळस नव्हे; वेळेचे भान सुटणे हा प्रमाद होय. दिवसभर क्लासमधून क्लासमध्ये धावणारा मुलगाही प्रमादात असू शकतो आणि निंबाच्या सावलीत शांत बसलेला मुलगाही अप्रमत्त असू शकतो.

वेळ मोजण्याचे सुंदर माप आपल्या परंपरेने दिले आहे. एक सामायिक म्हणजे दोन घटका, अर्थात अठ्ठेचाळीस मिनिटे. अहोरात्रीत असे तीस मुहूर्त असतात. त्यांतील एकच मुहूर्त विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या एका कामाला रोज दिला, तर चाळीस दिवसांत ३२ तास होतात. उरलेले एकोणतीस मुहूर्त झोप, खेळ, आंबे आणि मामाच्या गावासाठी मोकळेच आहेत. अट दोनच: काम एक असावे आणि ते पूर्ण व्हावे.

एवढ्याशा वेळाने काय होणार, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर धुळ्यातच आहे. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेवर एक प्रवचन दिले. अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐन उन्हाळ्याचे ते दिवस आणि बाहेर जाण्याची बंदी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये पूर्वी शिक्षक असलेले साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली. त्यातून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ तयार झाला आणि पुढे अनेक भाषांत गेला. आठवड्यातील एक बैठक, पण ती एकदाही चुकली नाही. एकाने नेमाने सांगितले, दुसऱ्याने नेमाने लिहिले. म्हणून धुळ्याचा तो उन्हाळा आजही शिल्लक आहे.

याच विनोबांच्या प्रेरणेने भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७४ मध्ये, ‘समणसुत्तं’ हा सर्व जैन पंथांना मान्य असा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात ७५६ गाथा आहेत. रोज एक गाथा अर्थासह वहीत उतरवली, तरी सुट्टीअखेर चाळीस गाथा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या होतील.

प्रत्येकाने गाथाच लिहाव्यात असा आग्रह नाही. घरातील आजीचे बोलणे लिहून घेणे हेही मोठे काम आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्यांच्या मुखातून येणारी गाणी घरच्या माणसांनी टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये गाण्यांचे पुस्तक निघाले. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. घरच्यांनी टिपलेच नसते, तर खानदेशाने काय गमावले असते याचा विचार करावा. आपल्या घरांतही आज्या आहेत. कोणी राजस्थानातील गाव सोडून आलेल्या पूर्वजांची हकिगत सांगते, कोणाला पाठशाळेतील जुनी स्तवने मुखोद्गत आहेत. अक्षय्य तृतीयेला एकीकडे वर्षीतपाची पारणी इक्षुरसाने होतात, तर दुसरीकडे आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात. घर भरलेले असते. वही घेऊन आजीजवळ बसण्यास याहून चांगला मुहूर्त कोणता?

तिसरे क्षेत्र दुकान व स्वयंपाकघर यांचे. लग्नसराईत कापडाच्या दुकानात तासभर बसणारा नववीचा विद्यार्थी पुष्कळ शिकतो. तागा कसा उलगडावा, पन्हा कसा पाहावा, रंग पक्का की कच्चा हे कसे ओळखावे, हे पुस्तकात नाही. संध्याकाळी रोजमेळ लिहिताना दहा रुपयांचा फरक शोधण्यास अर्धा तास लागतो, तेव्हा प्रामाणिकपणाचा खरा पाठ मिळतो. अचौर्य हे व्रत मोजपट्टीच्या टोकाशी तपासले जाते. मात्र यात मुलाला राबवून घेण्याचा हेतू नसावा, आणि ही संधी मुलीलाही तेवढीच मिळावी. त्याचबरोबर गच्चीवर पापड, कुरडया, बिबड्या वाळत असताना मुलानेही हात लावावा. चातुर्मासात आणि तिथीला हिरवी भाजी वर्ज्य असते; तेव्हा ताटात येणाऱ्या वाळवणामागे आईचे किती ऊन आहे, हे त्याला कळेल. गाळलेल्या पाण्याने पक्ष्यांचे परळ रोज भरणे हे तर सर्वांत लहानग्यालाही जमेल. अहिंसा तेथूनच हाताला लागते.

आता दोन शब्द पालकांसाठी. मुलांच्या हातून मोबाईल काढून घेताना पालकांच्या हातात तो असेल, तर उपदेश निष्फळ ठरतो. मुलाच्या मुहूर्ताच्या वेळी वडिलांनी अथवा आईने जवळ बसावे. परीक्षक म्हणून नव्हे, सोबती म्हणून.

आठवी, नववी आणि दहावी या परीक्षांनंतरच्या सुट्ट्या मोजल्या, तर त्या तीनच आहेत. दहावीनंतर कोणी पुण्याला, कोणी मुंबईला, कोणी कोट्याला जातो. नंतर नोकरी, परदेश. मग ते मूल घरी येते ते पाहुणे म्हणून, परतीचे तिकीट काढूनच. दुकानाची गादी त्याने चालवावी की नाही, हा त्याचा प्रश्न. परंतु ती कशी चालत होती, आजी काय गात होती, सामायिकात घर कसे शांत होत होते, हे त्याच्याबरोबर जावे की नाही, हा साऱ्या समाजाचा प्रश्न आहे. ते देण्याची वेळ हीच आहे.

ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा होत असताना विद्यार्थ्यांनी एवढाच नियम घ्यावा: रोज एक मुहूर्त, एक काम, आणि शाळा उघडण्यापूर्वी ते पूर्ण. पुढील शिबिरात भरलेल्या वह्या मांडल्या जाव्यात. सुवर्णमहोत्सवाला त्याहून मोलाची भेट नाही.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!