मांडवातली मराठी



परदेशी स्थायिक झालेला पांढुर्ण्याचा माणूस घरच्या लग्नासाठी परततो, तेव्हा आपणच काय ते गावापासून दुरावलो असे त्याला वाटते. वस्तुतः त्याच्या आधी गावच दुरावले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. पांढुर्णा-सौंसरची माणसे जागची हलली नाहीत. राजधानी मात्र नागपूरहून भोपाळला गेली. कचेरीत हिंदी रुळली, मराठी चुलीपाशी आणि मांडवात उरली.

म्हणूनच येथील लग्न हा निव्वळ कौटुंबिक सोहळा नव्हे. पत्रिका कोणत्या भाषेत छापावी, इथपासून खल सुरू होतो. हळदीची गाणी, रुखवतापाशी घेतलेले उखाणे, मंगलाष्टके यांतून आत्या-मावश्यांची बोली मोकळी होते. परदेशात वाढलेल्या नातवंडांना ती कळते, पण उत्तर इंग्रजीत येते आणि आजीची पंचाईत होते. (खरे तर सौंसरला वाढलेली नातवंडेही पुष्कळदा हिंदीतच उत्तर देतात. मग सारा दोष विमानाला का द्यावा?)

येथली प्रसिद्ध दंतकथाही सोयरिकीचीच. सावरगावची मुलगी घेऊन जाम नदी ओलांडणाऱ्या पांढुर्ण्याच्या तरुणावर दगड पडले आणि त्यातून गोटमार आली, असे सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अजूनही डोकी फुटतात. लग्नसराईत मात्र दोन्ही तीरांचे सोयरे एका पंगतीला बसतात.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. परतलेला मुलगा नव्या पाटीचे छायाचित्र घेतो. आजी तेवढ्यात नातीला जवळ बसवून एकेक उखाणा घोकून घेत असते.