खिशातला दगड फेकू नका



आपल्या बॅचतर्फे शाळेला काय भेट द्यायची, यावर सकाळपासून चर्चा चालली आहे. पंखे सुचवून झाले, पाण्याची टाकी झाली. माझी सूचना जरा वेगळी आहे. शाळेला दगडांचं एक कपाट देऊ या.

हसू नका. मी सॉफ्टवेअरवाली, भूगर्भशास्त्र शिकलेली नाही. पण महाड-पोलादपूरच्या मुलांना पायाखालचा दगड ओळखता यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आपण ज्या काळ्या कातळावर वाढलो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा आहे. आंबेनळी घाट चढताना कडे पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात, ते त्याचेच थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा असतो. खालचा थर निवून त्याची माती झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजून काढली. महाबळेश्वरला पोचलं की जांभा लागतो. तोही याच कातळाचा, ऊनपावसाने झिजून तयार झालेला. आपली गांधारपाल्याची लेणीही ह्याच कातळात कोरलेली आहेत.

मुलं हमखास विचारतात, "इथे डायनासोरचं हाड सापडेल का?" नाही, असं सांगून थांबू नका. का नाही, ते त्यांनाच विचारा. तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकेल कसं? जीवाश्म बघायचे तर गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला न्या. इथे मात्र कातळाच्या पोकळीतले पांढरे, चमकणारे स्फटिक सापडतात. त्यावर लोखंडी खिळ्याने ओरखडा काढून बघायला सांगा. उठलाच नाही, तर बहुधा गारगोटी. एवढ्या एका प्रयोगावर मूल तासभर रमतं.

ही नुसती हौस नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. या सभागृहातही त्यात आपली माणसं गमावलेले लोक असतील. दगड ओळखता आले असते तर ते टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. इतका पाऊस कुणाच्या हातात नसतो. पण घट्ट कातळावर मुरमाचा आणि मातीचा जाड थर असतो, त्यात पाणी भरलं की तो जड होऊन घसरतो, हे सातवीच्या मुलालाही समजतं. उतारावर नवी भेग पडली, झाड किंवा खांब कलला, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर घरी येऊन सांगायचं आणि मोठ्यांनी ते ऐकायचं. डोंगराकडे रोज बघायची सवय असलेलं मूलच हे आधी टिपेल.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलाच्या खिशातून दगड निघाला तर तो फेकू नका, "कुठे मिळाला?" एवढं विचारा. गाव, जागा आणि तारीख चिठ्ठीवर लिहून ती दगडासोबत ठेवा. चिठ्ठी नसलेल्या दगडावरून फारसं काही कळत नाही. पावसाळ्यात घाटात किंवा कड्याखाली मुलांना नेऊ नका. रायगडावर आणि लेण्यांत हातोडी चालवायची नाही, तिथे फक्त बघायचं.

कपाटाला खर्च फार नाही. काचेची दारं, पुठ्ठ्याचे खण आणि दहापट मोठं दाखवणारी चार भिंगं. दगड मुलंच आणतील. आपल्या भूगोलाच्या सरांनी दर शनिवारी एक तास द्यायचं कबूल केलं, तर भिंगं माझ्याकडून. कपाटाचं दुपारच्या बैठकीत ठरवू या.