जिल्ह्याच्या शाळा आणि निवडक मुलें



'विशेष शिक्षण' हे दोन शब्द अलीकडे फार ऐकूं येतात. कोठें गणिताची विशेष शाळा, कोठें विज्ञानाची, कोठें क्रीडेची. शहरांतील सुशिक्षित घरांत मूल पांच वर्षांचें झालें न झालें तोंच त्याच्यासाठीं कोणती शाळा 'खास' याची चौकशी सुरू होते. हा विषय आज मी जयगडच्या बाजूनें आपल्यापुढें मांडणार आहें. शिक्षणांतील एखाद्या कल्पनेचा कस पाहावयाचा असेल, तर जेथें वर्गांत मुळीं मुलेंच थोडीं आहेत अशा ठिकाणीं ती नेऊन पाहावी, असें मला वाटतें.

जयगड आपल्यापैकीं पुष्कळांना किल्ल्यामुळें ठाऊक असेल. शास्त्री नदी समुद्राला मिळते तेथें, मुखाच्या दक्षिण अंगाला, हें गांव आहे. पलीकडे तवसाळ, तेथें जावयास आतां मोटारी वाहून नेणारी फेरीबोट असते. गांवच्या शेजारीं कोळशावर चालणारें १२०० मेगावॉटचें वीजकेंद्र उभें आहे आणि मोठालीं जहाजें लागतील असें बंदरही झालें आहे. किनाऱ्यानें थोडें दक्षिणेस गेलें कीं मालगुंड लागतें. तें केशवसुतांचें जन्मगांव. केशवसुतांचे वडील मराठी शाळेंत शिक्षक होते आणि स्वतः केशवसुतांनींही पुढें शिक्षकाचाच पेशा पत्करला, ही गोष्ट त्यांच्या कवितेच्या गौरवांत सहसा कोणी सांगत नाहीं.

या साऱ्या टापूंतील प्राथमिक शाळांचा संसार एकाच संस्थेच्या हातीं आहे. ती संस्था म्हणजे रत्नागिरी जिल्हा परिषद. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. त्यापूर्वीं हें काम लोकल बोर्ड आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखालील स्कूल बोर्ड पाहत असे. १९८१ सालीं सिंधुदुर्ग वेगळा झाल्यावरही जिल्ह्यांत मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुके उरले आणि शाळा उरल्या दोन हजारांहून अधिक. त्यांत मराठीच्या आहेत, तशाच किनाऱ्यावरील मुसलमान वस्तीच्या गांवांतून उर्दूच्याही आहेत. हा व्याप केवढा, हें तुलनेनें कळेल. अमेरिकेंत वॉशिंग्टन शहराच्या उपनगरांचा माँटगोमेरी नांवाचा परगणा आहे. तेथील सरकारी शाळामंडळ त्या देशांतील मोठ्या मंडळांत गणलें जातें. त्याच्याकडे मुलें दीड लाखांहून अधिक आहेत, परंतु शाळा दोनशेंच्या आसपास. आपल्याकडे शाळा त्याच्या दसपट आणि पुष्कळ शाळांचा पट वीसही भरत नाहीं!

असें कां झालें, तें कोंकणच्या माणसाला सांगावयास नको. वाड्या डोंगरांतून विखुरलेल्या, आणि कर्तीं माणसें मुंबईला. २००१ च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ सालीं ती १६,१५,०६९ झाली. सारा देश वाढत असतां हा जिल्हा घटला.

आतां त्या अमेरिकन मंडळाकडे पुन्हां वळूं, कारण 'विशेष शिक्षण' हा शब्दप्रयोग ज्या अर्थानें आपण वापरतों त्याचें एक मूळ तिकडे आहे. तिकडे १९७० नंतरच्या दशकांत काळीं व गोरीं मुलें एकत्र शिकावींत, पण त्यासाठीं सक्ती करावी लागूं नये, म्हणून एक युक्ति निघाली. ज्या वस्तींतील शाळेकडे गोरे पालक पाठ फिरवीत, तेथें विज्ञानाचा, गणिताचा किंवा संगीताचा असा उत्कृष्ट वर्ग उघडावयाचा कीं मुलें आपण होऊन तिकडे ओढलीं जावींत. म्हणून या शाळांना 'मॅग्नेट', म्हणजे लोहचुंबक, असें नांव पडलें. माँटगोमेरींतील ब्लेअर हायस्कुलांत विज्ञान, गणित व संगणक यांचा असा वर्ग १९८५ सालीं सुरू झाला. त्याच वर्षीं शेजारच्या व्हर्जिनिया राज्यांत फेअरफॅक्स परगण्यानें थॉमस जेफर्सन यांच्या नांवाची विज्ञानशाळा उघडली. तिची कीर्ति देशभर झाली. परंतु पुढें झालें काय, तर प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्या लागल्या, आणि ज्यांच्या घरीं पैसा व पुस्तकें होतीं त्यांचींच मुलें बहुतेक जागा घेऊं लागलीं. २०२० सालीं मंडळानें ती परीक्षा रद्द केली. त्यावर खटला झाला, आणि तो ऐकण्याचें तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२४ च्या फेब्रुवारींत नाकारलें, म्हणून नवी पद्धति टिकली. भेद मिटविण्यासाठीं काढलेली शाळा स्वतःच भेदाचा विषय होऊन बसली.

आपल्याकडे ही कल्पना निराळ्या वाटेनें आली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाअन्वयें प्रत्येक जिल्ह्यास एक नवोदय विद्यालय देण्याची योजना निघाली. सहावींत परीक्षेनें ८० मुलें घ्यावयाचीं आणि त्यांतील निदान तीन चतुर्थांश खेड्यांतील असावयाचीं. राहणें, जेवण व शिक्षण सारें मोफत. रत्नागिरी जिल्हा परिषदेनें तर अलीकडच्या वर्षांत याहूनही धाडसाचें पाऊल टाकलें. आपल्या शाळांतील मुलांची परीक्षा घेऊन त्यांतील निवडक मुलें तिनें इस्रो ही अवकाशसंस्था पाहावयास पाठविलीं आणि त्यांतलीं कांहीं थेट अमेरिकेंतील नासा पाहून आलीं. ज्या मुलानें आगगाडींतही पाऊल ठेवलें नसेल, तें विमानांत बसून अग्निबाण पाहून येतें, ही गोष्ट लहान नाहीं. महर्षि कर्वे याच जिल्ह्यांतील मुरूडचे. १८७५ सालीं परीक्षेला बसण्यासाठीं ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक वाट पावसांतून पायीं तुडवीत गेले, आणि तेथें 'तूं सतरा वर्षांचा दिसत नाहींस' म्हणून त्यांना परत पाठविण्यांत आलें! त्या दिवसापासून आजच्या विमानापर्यंतचें अंतर कोणालाही कौतुकाचेंच वाटेल.

कौतुक करून झालें, म्हणजे हिशोब पाहावा. समजा, एका वाडीच्या शाळेंत सातवीपर्यंत एकवीस मुलें आहेत. त्यांतील दोन हुशार मुलें नवोदयला निवडलीं गेलीं. शाळेच्या दृष्टीनें हा केवढा गौरव! फळ्यावर त्यांचीं नांवें लिहिलीं जातात, पेढे वाटले जातात. परंतु पट एकोणीसावर आला. शिक्षकांची संख्या पटावरून ठरते. विसाच्या खालीं गेलेली शाळा लगेच कागदोपत्रीं 'कमी पटाची' होते. म्हणजे शाळेनें आपलें काम उत्तम केलें, म्हणून तिची प्रकृति बिघडली. २०२३ सालीं राज्याच्या शिक्षणखात्यानें अशा वीस पटाखालच्या शाळांच्या जागीं समूहशाळा उभारण्याविषयीं प्रस्ताव मागविले आणि पुणें जिल्ह्यांतील पानशेत व नंदुरबारमधील तोरणमाळ येथील उदाहरणें पुढें ठेविलीं. मोठी शाळा, प्रत्येक विषयाला शिक्षक, प्रयोगशाळा, मुलांना नेआण करणारी गाडी, हें चित्र मोहक आहे, आणि तें सर्वस्वी खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. चार मुलांच्या वर्गांत स्पर्धाही नसते आणि खेळही रंगत नाहीं, हें कोणताही शिक्षक सांगेल. पण कायद्यानें पांचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आंत शाळा देऊं केली आहे, आणि कोंकणांतला एक किलोमीटर नकाशावर मोजून भागत नाहीं. मध्यें वहाळ असतो. त्यावर साकव असतो किंवा नसतो. आषाढांत सहा वर्षांची मुलगी तो ओलांडणार कशी, याचें उत्तर गाडीच्या वेळापत्रकांत सांपडत नाहीं. अशा घरांतून पहिल्यानें शाळा सुटते ती मुलीची.

मग विशेष शिक्षण कमी पटाच्या शाळेंत आणतां येईल काय? मुलांना विशेष शाळेकडे उचलून नेण्याऐवजीं विशेष विषयच त्यांच्या शाळेंत नेऊन ठेवावा, असें माझें मत आहे. कल्पना नवी नाहीं. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं मूलोद्योगाच्या द्वारें शिक्षण ही योजना मांडली आणि झाकिर हुसेन समितीनें तिचा अभ्यासक्रम आंखला. मुंबई इलाख्यांत ती अमलांत आणणारे बाळासाहेब खेर हे या रत्नागिरीचेच पुत्र. योजना मागें पडली, याचीं कारणें अनेक आहेत. एक मला विशेष जाणवतें. उद्योग गांवचा असावा असें ठरलें होतें, पण प्रत्यक्षांत बहुतेक ठिकाणीं टकळी आली. मासे पकडणाऱ्या गांवांतल्या मुलालाही सूत, आणि आंब्याच्या बागेंतल्या मुलालाही सूत!

जयगडच्या शाळेला सूत कशाला हवें? तेथें समुद्र आहे. किनाऱ्यावरचा एक जुना हिशोब पाहा. तिथीची पाऊणपट केली, कीं पूर्ण भरतीची वेळ निघते, असें म्हणतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला. पांचवींतील मुलाला अपूर्णांक शिकवावयास याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं. पण गंमत पुढेंच आहे. या हिशोबानें पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते आणि दुसऱ्याच दिवशीं प्रतिपदेची पाऊण वाजतां. एरव्हीं रोज पाऊण तासानें सरकणारी भरती त्या एका दिवसांत दीड तासाची उडी कशी घेईल? समुद्र उडी घेत नाहीं. हिशोब ठोकळ आहे. तो पाऊणपटीचा न धरतां चार पंचमांशाचा धरला, तर पंधरा तिथींचे बरोबर बारा तास भरतात आणि उडी नाहींशी होते. शिवाय हा हिशोब मुंबईच्या पाण्याशीं जुळतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भरती मुंबईच्या थोडी आधीं येते. मुलांनीं जेटीच्या खांबावर खूण करून महिनाभर वेळा टिपल्या, तर गणित, भूगोल व खगोल हे तिन्ही विषय एका वहींत येतील, आणि उधाण केव्हां व भांग केव्हां, हें आजोबांचें ज्ञान तपासून घेतल्याचा अभिमानही वाटेल. याला प्रयोगशाळा लागत नाहीं. बारा मुलांच्या शाळेंत तर हें अधिकच सोयीचें. साठ मुलें जेटीवर नेण्याची कोणत्याही शिक्षकाची छाती होणार नाहीं.

अशा कामाला पाठबळ देणाऱ्या संस्था जिल्ह्यांत आहेत. दापोलीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. रत्नागिरीजवळ शिरगांवास १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढून हातानें करावयाच्या कामाला हायस्कुलाच्या वेळापत्रकांत स्थान मिळवून दिलें. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेंही सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. दहा दिवस थोडे आहेत, पण सुरुवातीला पुरे.

आतां या विचारावरचा सर्वांत बळकट आक्षेप. तो पंडितांचा नाहीं, गांवांतल्या बापाचा आहे. "मी जन्मभर खलाशी म्हणून राबलों, माझ्या पोरानेंही मासेच मारावे असें तुम्हांला वाटतें काय? मला त्याला इंग्रजी शिकवावयाचें आहे." या प्रश्नाला हंसून उत्तर देतां येणार नाहीं. त्याच्यामागें या जिल्ह्याचा इतिहास उभा आहे. १८९० नंतरच्या दशकांत दापोलीच्या शाळेंत महार पेन्शनरांच्या मुलांना वर्गांत बसूं देत नव्हते. ओसरीवर बसवावें कीं आंत, यावर अर्ज आणि वाद झाले. पुढें सावरकरांनीं रत्नागिरींत स्थानबद्ध असतां शाळांतून सर्व जातींच्या मुलांना सरमिसळ बसविण्याचा आग्रह धरला, तो विरोधाला तोंड देऊनच. ज्यांना इतक्या कष्टानें वर्गांत जागा मिळाली, त्यांना 'तुम्ही आपला बापजाद्यांचा धंदाच शिका' असें सांगणें हा अन्याय होईल. म्हणून माझी अट अशी कीं, भरतीची वही कोळ्याच्या मुलानें ठेवावी, तशी वीजकेंद्रांतील कारकुनाच्या मुलीनेंही ठेवावी, आणि उर्दू शाळेंतही ठेवली जावी. आणि त्या तासाच्या पायीं इंग्रजीचा एकही तास कमी होऊं नये. बापाची इंग्रजीची मागणी रास्त आहे. ती पुरी न झाल्यामुळेंच सकाळीं सकाळीं खाजगी शाळांच्या पिवळ्या गाड्या वाड्यांतून मुलें भरून नेतात आणि जिल्हा परिषदेचा पट आणखी घटतो.

नवोदय राहो, नासाची सहलही राहो. पण निवडलेलें मूल परत आलें, म्हणजे त्यानें पाहिलेलें सारें आपल्या शाळेला व शेजारच्या चार शाळांना सांगण्याची व्यवस्था सहलीच्या खर्चांतच धरावी. आणि नवोदयला गेलेलें मूल, निदान शिक्षकांची संख्या ठरवितांना, तीन वर्षें मूळ शाळेच्या पटांत मोजावें. एवढी दुरुस्ती झाली तरी चांगलें शिकविणाऱ्या शिक्षकाला आपल्या यशाची धास्ती वाटणार नाहीं.

आपल्यापैकीं ज्यांचें गांवीं घर आहे, त्यांना एक गोष्ट करतां येण्यासारखी आहे. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिति असते. तिच्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे असा २००९ च्या कायद्याचा नियम आहे. ही समिति पुष्कळदां सह्यांपुरती भरते. तिच्यापुढें भरतीच्या वहीची ही योजना ठेवावी. आपल्या राज्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि शाळा उघडतात जूनच्या मध्यास. होड्या ओढून शाकारलेल्या असतात, जाळीं विणावयाचीं असतात, आणि तांडेल घरीं असतो. ते दीड महिना, आठवड्यांतून एक तास, त्याला शाळेंत बोलवावें. मास्तरांनीं फळ्यापाशीं उभें राहावें आणि त्यानें मुलांना वारा, प्रवाह व तिथी सांगावी. पहिला तास जूनच्या अखेरीस घेतां येईल.