लेकीची ट्रायल्सची मोटारसायकल



मी सातवी शिकलेली. इकडे यॉर्कशायरला आल्यावर लेकीच्या ट्रायल्सच्या मोटारसायकलीने माझ्या हातात पाना दिला. दगडधोंड्यांवरून पाय न टेकता हळूहळू जायचे. टेकला की १ गुण दंड. गाडीला धड बैठकसुद्धा नाही!

गेल्या साली ती उतारावर पडली, मनगट मोडले. मी तिलाच रागे भरले. मग पाहते तो ब्रेकचा लिव्हर तिच्या बोटाला पुरतच नव्हता! स्क्रू फिरवून जवळ घेतला. मागच्या चाकात हवा अवघी ४-५ पौंड. जास्त झाली की चाक दगडावर सटकते. हवेच्या गाळणीचा स्पंज मात्र मीच धुते, वाळवते, तेल लावून बसवते. धुणे ते धुणेच की!

आता निघण्यापूर्वी ती लिव्हरला बोट लावून मला दाखवते.