दगडफुलाची वर्दी
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल हे फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे; शास्त्रात त्याला लायकेन म्हणतात. आम्ही शेतीची पदविका घेऊन सरकारी खात्यात लागलेली माणसे. जितके हिरवे तितके निरोगी, ही आमची पक्की समजूत. युरोपातल्या जंगलांची हकिगत वाचली आणि ती डळमळली.

लायकेनला मुळे नसतात. जे मिळते ते हवेतून आणि पावसातून. म्हणून हवा बिघडली की पहिली वर्दी तेच देते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन पाहून नायलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ सालीच हे नोंदवले. तेव्हा त्रास होता कोळशाच्या धुराचा, त्यातल्या गंधकाचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस गंधक बरेच आटोक्यात आले आणि झाडांच्या साली पुन्हा भरू लागल्या. पण परतले ते पाहुणे वेगळेच! दाढीसारख्या लोंबणाऱ्या करड्या जातींऐवजी अनेक ठिकाणी पिवळीधमक झँथोरिया पसरली. हिला नत्र मानवते.

हे नत्र येते गाड्यांच्या धुरातून, आणि गोठ्यातल्या शेणमुतातून व खतांतून उडणाऱ्या अमोनियातून. नेदरलँड्स देश चिमुकला, पण गुरे, डुकरे, कोंबड्या बेसुमार. तिथल्या वेलुवे भागातल्या रेताड जंगलांवर हे नत्र वर्षानुवर्षे पडत राहिले. झाडांना फुकट खत मिळाले, मग बिघडले काय? गंधकाच्या जोडीने नत्राने माती आंबट केली. चुना, मॅग्नेशियम पाण्याबरोबर खाली निघून गेले. मुळांना साथ देणारी बुरशी हटली. पानात नत्र भरपूर, बाकी क्षार अपुरे. असे झाड कीड आणि अवर्षण यांपुढे लवकर वाकते. चुना नाही म्हणून शंखाच्या गोगलगायी घटल्या, आणि त्या खाऊन कवच घडवणाऱ्या चिमणीएवढ्या टिट पक्ष्यांची अंडी ठिसूळ निघू लागली. १९९४ साली हे संशोधन ‘नेचर’मध्ये आले.

२९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नत्र-परवान्यांची योजना मोडीत काढली. बांधकामे अडली, गोठ्यांचे विस्तार थांबले. ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरावर धडकले. त्यांचा राग आम्हाला कळतो. उत्पादन वाढवा, असे त्यांना वर्षानुवर्षे सांगणारे सरकारच होते. आमच्या तोंडूनही ‘अजून एक गोणी युरिया टाका’ हा सल्ला कित्येकांना गेला आहे.