सोमवारची छाती



विद्यापीठातील संशोधनाचा समाजाला काय उपयोग, या विषयावर बोलण्यासाठी व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्यासारख्याला पाचारण केले, याचे तुमच्याइतकेच मलाही नवल वाटले. शाळेतले माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. विद्यापीठाची पायरी मी प्रथम चढलो ती मोर्चा घेऊन. तेव्हा संशोधनाविषयी मोठे सिद्धांत मांडण्याचा अधिकार मला नाही. मी एकाच प्रश्नाची हकीकत सांगणार आहे : कापसाची धूळ आणि कामगाराची छाती.

गिरणीत कापसाची गाठ प्रथम फुटते ती ब्लोरूममध्ये. तिथे कापूस झोडपला जातो, मग कार्डिंग खात्यात विंचरला जातो. डोळ्यांना दिसते ती हवेत तरंगणारी तूस. खरा वैरी तो नव्हे. कापसाबरोबर आलेला पाल्याचा चुरा आणि त्यावर वाढलेल्या जंतूंचे विष यांची जी बारीक धूळ असते, ती दिसत नाही आणि थेट फुप्फुसात उतरते. काही वर्षे काम केल्यावर या खात्यातल्या माणसाला एक चमत्कारिक अनुभव येऊ लागतो. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर आला की काही तासांनी त्याची छाती आवळल्यासारखी होते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, शनिवारपर्यंत तो विसरूनही जातो. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. आणखी काही वर्षांनी मंगळवारही तसाच जातो, मग बुधवार. आणि शेवटी काम सोडून घरी बसला तरी दम लागायचा थांबत नाही. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात.

आता ही गोष्ट जगाला कळली कशी ते पाहा. रामाझ्झिनी नावाचा इटालियन वैद्य होऊन गेला. कामगारांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ १७०० सालचा. रोग्याला जे प्रश्न विचारायचे, त्यांत ‘तू धंदा कोणता करतोस?’ हा प्रश्न घालावा, असे त्याने सांगितले. ताग-अंबाडीसारखे धागे विंचरणाऱ्यांचा खोकलाही त्याने नोंदवला होता. पण सोमवारचे कोडे पुढे आले ते १८४५ मध्ये, बेल्जियममधील गेंट शहरात. मारेस्का आणि हेमान या दोघा डॉक्टरांनी तिथल्या सूतगिरण्यांतील कामगारांची पाहणी केली. कामगार म्हणाले की, आठवड्याच्या अखेरीपेक्षा सोमवारी-मंगळवारी धूळ फार जाचते. मालकांचे उत्तर तयार होते : रविवारची चैन! कामगारांचे म्हणणे वेगळे होते. एक दिवस धुळीपासून दूर राहिले की तिची सवय मोडते, म्हणून ती पुन्हा बाधते, असे ते सांगत होते. गंमत अशी, की शास्त्राने पुढे ज्या दिशेने शोध घेतला ती दिशा त्या बिनशिकलेल्या माणसांनी तेव्हाच दाखवली होती. पण नुसत्या शब्दाला वजन येत नाही. मालकाचा शब्द आणि कामगाराचा शब्द समोरासमोर आले की कोणाचा खाली पडतो, हे मी तुम्हांला सांगायला नको.

शब्दाला वजन आणण्याचे काम विद्यापीठाने केले, आणि ते शंभराहून अधिक वर्षांनी झाले. इंग्लंडमध्ये या रोगाची भरपाई १९४० च्या कायद्याने मान्य झाली होती, तरी तो आता इतिहासजमा झाला असे पुष्कळांना वाटत होते. मँचेस्टर विद्यापीठातल्या रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांत जाऊन तपास केला तेव्हा तो जिवंत सापडला. त्यांनी काय केले? कामगारांचीच तक्रार घेतली आणि तिचा प्रश्न केला. सुट्टीनंतर कामावर आल्यावर छाती आवळते काय, आणि ती आठवड्याच्या कोणत्या दिवसांपर्यंत तशी राहते, हे प्रत्येकाला एकाच शब्दांत विचारायचे. उत्तरांवरून रोगाच्या पायऱ्या ठरवायच्या. पुढे त्याला श्वासाच्या मोजमापाची जोड मिळाली : सोमवारी पाळीआधी एकदा फुंकर मोजायची, पाळीनंतर पुन्हा मोजायची. जो आकडा खाली येतो तो खोटे बोलत नाही.

या पद्धतीचे मला फार मोल वाटते, त्याला कारण आहे. भरपाईचे दावे लढवताना एक युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की तो मला पाठ झाला. कामगाराच्या कागदावर ‘दमा’ असे लिहिलेले असते आणि समोरचे वकीलसाहेब शांतपणे विचारतात, ‘तुम्ही विडी ओढता ना?’ बिचारा हो म्हणतो आणि दावा तिथेच बसतो. विडी वाईटच, तिची वकिली मी करणार नाही. छाती ती आणखी बिघडवते. पण विडीला वार कळत नाही. ज्याची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते आणि दुसऱ्या दिवशी मोकळी होते, त्याचे कारण विडीत सापडायचे नाही.

अमेरिकेत तर गिरणीमालकांनी हा रोग आपल्याकडे नाहीच असे वर्षानुवर्षे सांगितले. येल विद्यापीठातले बाउहायस आणि इतर संशोधक यांनी तो दाखवून दिला, आजारी कामगार संघटित झाले, आणि १९७८ मध्ये सरकारने सूतकताईच्या खात्यांसाठी धुळीची मर्यादा घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम ठरवली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये हरले. धंदा बुडेल अशी ओरड झाली होती. पण अमेरिकी संसदेच्या तंत्रज्ञान कार्यालयाने १९९५ मध्ये तपासले तेव्हा खर्च अंदाजापेक्षा पुष्कळ कमी निघाला.

आपल्याकडे मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापड कामगारांची अशीच पाहणी केली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातही पुढे या रोगाचे नाव आले. म्हणजे ज्ञानही होते, कायदाही होता. मग भरपाई मिळालेली माणसे सहज भेटत का नाहीत? याचे एक कारण मोजण्याच्या रीतीतच आहे. संशोधक गिरणीत शिरतो तो मालकाच्या परवानगीने, आणि हजेरीपटावर असलेल्यांना तपासतो. ज्याला दमच घेता येत नाही तो हजेरीपटावर कुठून असणार? तो कोकणात किंवा सातारा जिल्ह्यात आपल्या ओटीवर खोकत बसलेला असतो. जे टिकले तेच मोजले जातात, आणि खात्याची प्रकृती आहे त्याहून चांगली दिसते. बदली कामगार तर कोणत्याच तक्त्यात नीट बसत नाही. १९८२ च्या संपानंतर हजारो माणसे अशी पांगली. त्यांची छाती नंतर कोण तपासणार होते?

दुसरी गोष्ट भाषेची. प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, इंग्रजी मासिकात छापला जातो, आणि ज्याने यंत्रात फुंकर घातली त्याला स्वतःचा आकडा कधी समजत नाही. मी प्राध्यापकमंडळींना विनंती करतो की त्या माणसाच्या हातात मराठीतली एक चिठ्ठी द्या. तारीख, पाळीआधीचा आकडा, पाळीनंतरचा आकडा, खाली सही. प्रबंधाला त्यामुळे काही उणे येणार नाही, आणि न्यायालयात ती चिठ्ठी माझ्या तासभराच्या भाषणाहून जास्त बोलेल.

आपल्या महाविद्यालयातले काही अध्यापक आज समोर बसलेले दिसतात, म्हणून एक काम सुचवतो. कापूस पिकतो त्या भागात जिनिंगचे कारखाने आहेत. तिथे स्त्रियाही कामाला असतात. तिथला प्रश्न मँचेस्टरहून जसाच्या तसा उचलून चालणार नाही. मालेगावच्या यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारची, तेव्हा तिथे शनिवारची छाती विचारावी लागेल. जिनिंगचे काम हंगामी, तेव्हा त्या बायांचा खरा सोमवार दिवाळीच्या सुमारास उगवतो, कित्येक महिन्यांनी यंत्रे सुरू होतात त्या दिवशी. फुंकर मोजण्याची साधी नळी फार महाग नसते. वापरायला शिकवणारा एक डॉक्टर, चार विद्यार्थी आणि एक वही पुरे. मात्र पहिल्या पाळीच्या आधी कारखान्याच्या दाराशी हजर राहावे लागेल, आणि संध्याकाळी त्याच बाया बाहेर पडतील तोवर थांबावे लागेल. दाराबाहेरची जागा सार्वजनिक असते. तिथे मोजायला मालकाची परवानगी लागत नाही.